पत्रिकेवर तथागत, मंचावर नववीतली मुलगी

उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे लग्नपत्रिकांची रास लागते. बहुतेक पत्रिका आपल्याच माणसांच्या. वर तथागत, एका बाजूला बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला माता रमाई, कोपऱ्यात पिंपळपान आणि खाली 'जयभीम' घालून आग्रहाचे निमंत्रण. या पत्रिका पाहिल्या की ऊर भरून येतो. ज्या समाजाच्या दारात भटजी पाय ठेवायला तयार नव्हता, त्या समाजाने भटजीलाच कायमचा निरोप दिला आणि स्वतःचा विधी उभा केला, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण अशाच एका पत्रिकेची गोष्ट आज आम्हाला सांगायची आहे. ती सांगताना इतर कुणाची नव्हे, आमचीच मान खाली जाणार आहे.

मे २०२२ मधली गोष्ट. बीड जिल्ह्यातले एक खेडे, तिथले भीमनगर. आम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून मंचावर बसवले होते. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले, वधूवरांना पुढे बोलावले. पांढऱ्या साडीतली वधू समोर आली आणि चेहरा ओळखीचा वाटला. त्याच वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, त्याच वस्तीतल्या विहारात या मुलीने भाषण केले होते. कागद हातात न घेता, कुठेही न अडखळता. बक्षिसाचे पुस्तक आणि पेन आम्हीच तिच्या हातात दिले होते आणि विचारले होते, "कितवीत आहेस बाळा?" ती म्हणाली होती, "नववीत, सर."

जानेवारीतली नववी मे महिन्यात संपली होती. एवढाच काय तो फरक.

मग आम्ही काय केले? माईक हातात घेतला. आदर्श संसारावर चार शब्द बोललो. रमाईच्या त्यागाचा दाखला दिला. आहेराचे पाकीट दिले, जेवलो आणि संध्याकाळच्या आत घरी आलो. १०९८ हा बालकांच्या मदतीचा नंबर त्या दिवशीही आमच्या खिशातल्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता. तो आम्ही फिरवला नाही. का फिरवला नाही? वस्तीत वाईट दिसेल म्हणून. मुलीचा बाप चळवळीचा माणूस होता म्हणून. एवढा स्वयंपाक झाला होता म्हणून. ही कारणे आज कागदावर उतरवताना किती फुटकळ वाटतात!

आमच्या वाचकांपैकी किती जण अशा मंचावर बसून आले असतील? त्यांनी आपापल्या मनाशी हिशोब करावा.

"आपल्यात आता असे होत नाही" हे वाक्य आम्ही कार्यकर्त्यांच्या बैठकांत अनेकदा ऐकले आहे. बालविवाह म्हणजे राजस्थानातली अक्षय्य तृतीया, ते अडाणी लोकांचे काम, आपण शिकलेलो आहोत, असा एक सोयीचा समज आहे. आकडे या समजाला दाद देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण दर काही वर्षांनी २० ते २४ वयाच्या स्त्रियांना विचारते, की तुमचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले का? २००५-०६ मध्ये देशातल्या ४७ टक्के स्त्रियांनी 'हो' म्हटले. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आले. त्या दहा वर्षांत देशाने खरोखर मोठा पल्ला गाठला. पण २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते २३ टक्क्यांवर येऊन रेंगाळले. पुरोगामी म्हणवणारा आपला महाराष्ट्र? जवळपास २२ टक्के. म्हणजे देशाच्या सरासरीला खेटून. आणि मराठवाड्यात उतरलात तर बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास आणि परभणीत त्याहूनही जास्त. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात एकही भाषण सुरू होत नाही, त्या राज्याचे हे चित्र आहे.

याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा आम्हाला जास्त बोलका वाटतो. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुलींपैकी सुमारे ४८ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झाली होती. बारावीच्या पुढे गेलेल्या मुलींत हे प्रमाण ४ टक्के होते. सर्वांत गरीब घरांत ४० टक्के, सर्वांत श्रीमंत घरांत ८. देव, धर्म, परंपरा ही सगळी तोंडी लावण्याची नावे. मुळात हा प्रश्न शाळेचा आणि पैशाचा आहे, असे कुणी म्हटले तर ते बरेचसे खरे ठरेल. बरेचसेच, कारण पैसा असलेल्या घरांतही मुलगी लवकर उजवण्याची घाई असते आणि त्या घाईचे नाव जात आहे.

हे आम्ही आज सांगत नाही. बाबासाहेबांनी ते १९१६ साली सांगून ठेवले आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. आपल्याकडे त्या निबंधाचे नाव सगळे घेतात, वाचतात थोडे. त्यातला मुद्दा असा, की जात म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती. ही सक्ती टिकवायची तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की एक स्त्री 'जास्तीची' होते आणि ती गटाबाहेर लग्न करण्याचा धोका उभा राहतो. म्हणून एक तर तिला जाळा, नाही तर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की एक पुरुष जास्तीचा होतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. मग त्याला गटातच बायको मिळवून द्यायची तर ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतूनच उचलावी लागते. बालविवाह इथून येतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली जातीच्या भिंतीला लावलेले टेकू आहेत, असे त्या तरुणाने जगातल्या विद्वानांसमोर मांडले. ज्या चालींना इथले पंडित धर्म म्हणून मिरवत होते, त्यांचे गणित त्याने फळ्यावर सोडवून दाखवले.

आज हे गणित कसे चालते ते पाहा. मुलीचे लवकर लग्न का उरकले, असे गावात कुणालाही विचारा. हुंड्याच्या खालोखाल एक कारण हमखास येते. "जमाना खराब आहे, पोरीनं उद्या काही केलं म्हणजे?" हे 'काही करणे' म्हणजे काय? मुलीने स्वतःच्या मनाने जोडीदार निवडणे, आणि तोही दुसऱ्या जातीचा. मुलगी निवड करण्याच्या वयात येण्याआधीच तिची निवड आटोपून टाकायची! १९१६ आणि आजच्यात फरक तो काय पडला? अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये आपल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला तो सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून, हे आपण विसरलेलो नाही. मुलाला मारणारी आणि मुलीला पंधराव्या वर्षी उजवून टाकणारी भीती एकच आहे.

कायद्याचा वापरही या भीतीने वाकवला आहे. सोळा-सतराची मुलगी आपल्या मनाने खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाबरोबर गेली, की तिच्या घरच्यांना पोक्सो कायदा चटकन आठवतो आणि मुलगा तुरुंगात जातो. त्याच वयाच्या मुलीचे लग्न बापाने जातीतल्या तिशीच्या माणसाशी लावले, तर अख्खा गाव पंगतीला बसतो. तिथे पोक्सो कुणाला आठवत नाही.

आता थोडे मागे जाऊ. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून देशभरच्या लोकांची मते मागवली. तात्यासाहेबांनी, म्हणजे जोतीराव फुल्यांनी, आपले मत कळवले. मुलगा १९ वर्षांचा आणि मुलगी ११ वर्षांची होण्याआधी लग्न होऊ देऊ नये, तसे करणाऱ्या आईबापांवर कर बसवावा आणि तो पैसा खालच्या थरांतल्या लोकांच्या शिक्षणावर खर्च करावा! अकरा वर्षे आज आपल्याला कमी वाटतात. पण तो काळ असा होता, की १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला तेव्हा पुण्यात टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवले. धर्मात सरकारने हात घालू नये म्हणे! बंगालमधली दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्यानंतर दोनच वर्षे झाली होती. आम्हाला जास्त मोलाची वाटते ती फुल्यांची कराची सूचना. दंडाचा पैसा शाळेत वळवा, असे सांगणारा माणूस या प्रश्नाचे मूळ नेमके जाणत होता.

पुढे १९२९ चा शारदा कायदा आला. १ एप्रिल १९३० पासून मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही अट लागू झाली. १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले, १९७८ मध्ये १८ आणि मुलाचे २१. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. कायद्यांची माळ लांब आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. जोतीराव तेरा वर्षांचे आणि सावित्रीमाई नऊ वर्षांच्या असताना, १८४० मध्ये, त्यांचे लग्न झाले. बाबासाहेब आणि रमाई यांचे लग्न भायखळ्याच्या बाजारात झाले तेव्हा रमाई जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या. मुलीचा बाप हे उदाहरण आपल्याच तोंडावर फेकतो. "रमाईचं लग्न कितव्या वर्षी झालं होतं, सर?" असे आम्हाला एकाने विचारले आहे. त्याला उत्तर द्यावे लागेल. उत्तर असे, की त्यांच्यावर त्या काळाने जे लादले ते त्यांनी पुढच्या पिढीवर लादले नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. तिथे हजारो बायांसमोर बाबासाहेबांनी बजावले, की मुलांच्या लग्नाची घाई करू नका. लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याइतकी कमाई हाती आल्याशिवाय त्यांच्या गळ्यात ती बांधू नका. आणि लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. रमाईंना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. आपल्या घरातली चार लेकरे डोळ्यांदेखत गेलेली पाहिलेला माणूस ते बोलत होता. आम्ही मात्र रमाईचा त्याग लग्नाच्या मंचावर सांगतो आणि त्या त्यागामागचे कोवळे वय गाळून टाकतो. आम्ही त्या दिवशी नेमके हेच केले.

त्या लग्नानंतर दोन महिन्यांनी आम्ही मुलीच्या बापाकडे गेलो. त्याच्यावर तोंडसुख घ्यावे असा विचार होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमचं सगळं बरोबर हाय. पण दसरा झाला की आमी दोघं तोडीला जाणार. सहा म्हैने. शाळा गावात आठवीपस्तोर. पुढची सात किलोमीटर. म्हातारी वारली. पोरीला कोणापशी ठिवू? कारखान्यावर न्यावं तर कोपीला कडी नसती. काही इपरीत झालं तर तुमी येणार हाव का?"

आम्ही निरुत्तर झालो. शहरात बसून बालविवाहावर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा स्वतःच्या मुलीच्या बाबतीत विचारून पाहावा.

ऊसतोडीचा व्यवहार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुकादम माणसाला एकेकटे मोजत नाही, जोडीने मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता'. एकटा गडी म्हणजे 'अर्धा कोयता'. उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणून घरात मुलगा हाताशी आला, की त्याला बायको हवी. संसार थाटायला नव्हे, कोयता पूर्ण करायला. हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात ती याचसाठी. मुलीच्या बापाला वाटते, कारखान्यावरच्या पालात जवान पोर सांभाळण्यापेक्षा तिच्या नवऱ्याने सांभाळलेली बरी. मुलाच्या बापाला उचल वाढवून मिळते. मुकादमाला दोन हात जास्त मिळतात, कारखान्याला वेळेवर ऊस मिळतो आणि साखर सर्वांना गोड लागते. मुलीला काय मिळते? पहाटे फडात, डोक्यावर मोळी, रात्री कोपीत चूल आणि सतराव्या वर्षी बाळंतपण. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीत सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन लेकरे आणि पाळीच्या चार दिवसांत खाडा पडू नये म्हणून पंचविशी-तिशीत पिशवीच बाहेर! बालविवाहाची गोष्ट मंडपात संपत नाही, ती इथपर्यंत येते.

तेव्हा हे कमी कसे होणार?

सरकारला सुचणारा सोपा मार्ग पोलिसांचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आसामात तीन हजारांहून अधिक लोकांना या एका मोहिमेत उचलले. नवरे तुरुंगात गेले, बाप तुरुंगात गेले आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या मुली कडेवर लेकरू घेऊन ठाण्याच्या दारात रडत बसल्या. दवाखान्यात गेले तर वय उघडे पडेल, या भीतीने पोटुशी मुलगी दवाखाना टाळू लागली तर तिचा जीव जातो. झालेल्या लग्नावर लाठी चालवणे हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ च्या निकालात शिक्षेपेक्षा प्रतिबंधावर भर द्या, असेच सांगितले आहे.

दुसरा मार्ग वय वाढवण्याचा. मुलीचे लग्नाचे वय २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. आम्हाला त्याचे फारसे दुःख नाही. अठराची अट जिथे पाळली जात नाही तिथे एकवीस लिहून काय साधणार? एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करू पाहील, तेव्हा मात्र तो कायदा तिच्या बापाच्या हातात आयते हत्यार झाला असता.

खरे काम शाळेत आणि वसतिगृहात आहे. आठवीनंतरची शाळा गावापासून किती लांब आहे, तिथे एसटी जाते का, मुलीला राहायला जागा आहे का, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर तिचे लग्न ठरते. बिहारसारख्या राज्याने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि माध्यमिक शाळेतली मुलींची संख्या लक्षणीय वाढली. शाळा जितकी लांब तितका सायकलीचा उपयोग जास्त झाला. आपल्याकडे मानव विकासच्या निळ्या गाड्या आल्या, मुलींना एसटीचा पास मोफत झाला, ही चांगली कामे आहेत. आणि दुसरीकडे? १९९२ मध्ये दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दररोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला आणि तो रुपया पुढे वर्षानुवर्षे रुपयाच राहिला. रुपयात चॉकलेटसुद्धा धड येत नाही!

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक, मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे तीत ठरली. सामाजिक न्याय विभागाची मुलींची शासकीय वसतिगृहे अनेक तालुक्यांच्या ठिकाणी आहेत, राहणे-जेवणे मोफत. दहावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचे पैसे आहेत. हे सगळे कागदावर आहे. पण त्या बापाला यातले एकही नाव माहीत नव्हते, आणि त्याच्या वस्तीत जयंतीला डीजेची वर्गणी गोळा करणारे पंचवीस तरुण होते. त्यांच्यापैकी एकानेही जूनमध्ये प्रवेशाचा फॉर्म त्याच्या घरी नेऊन दिला नव्हता. आम्हीही नेला नव्हता. त्याच्या मुलीला आम्ही पेन दिले होते. पेनाऐवजी फॉर्म दिला असता तर?

कायद्यातही वापरण्यासारखे बरेच आहे. लग्न होण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मिळतो आणि तो मोडून लावलेले लग्न कायद्याने रद्दबातलच ठरते. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे कुणी लांबचा साहेब नव्हे, आपला ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अंगणवाडी ताईने त्याला मदत करायची असते. ताई त्याच गावची, तिचे घर त्याच गल्लीत. तिने खबर दिली तर उद्या तिला पाणी भरू देणार नाहीत, म्हणून तिचे नाव गुप्त राहील याची काळजी वस्तीतल्या चार वजनदार माणसांनी घ्यायला हवी. आणि झालेले लग्न नको असेल तर मुलीला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते रद्द करून घेता येते, पोटगी मागता येते. ही तरतूद ज्यांच्यासाठी आहे त्या मुलींपर्यंत ती पोचलेलीच नाही.

याच कायद्यात एक कलम आहे, ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. बालविवाह लावणारा, चालवणारा, त्याला मदत करणारा, या सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर भटजी, काझी, पाद्री की बौद्धाचार्य, असा भेद कायदा करत नाही. बौद्धाचार्यांना आमची हात जोडून विनंती आहे. तारीख देण्याआधी मुलीच्या शाळेचा दाखला मागा. आधारकार्ड नको, त्यावरची जन्मतारीख बदलून आणता येते हे आता पोरांनाही माहीत आहे. शाळेचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तो नसेल तर त्रिशरण देऊ नका. बावीस प्रतिज्ञांनी आपण जुना विधी सोडला, पण जुन्या विधीचे कोवळे वय नव्या विधीत तसेच शिरू दिले, तर आपण नेमके काय बदलले? आणि जे आमच्यासारखे प्रमुख पाहुणे म्हणून मिरवतात त्यांनीही पत्रिका हाती पडताच आधी वधू कितवीत आहे, ते विचारावे. बाप रागावेल. रागावू द्या. आमच्यावर या वर्षी दोन घरे रागावली आहेत. त्यांतल्या एका घरची मुलगी तालुक्याच्या वसतिगृहात आहे. दुसऱ्या घराने लग्न शेजारच्या जिल्ह्यात नेऊन लावले, ते आम्हाला मागाहून कळले.

त्या पहिल्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या दिवाळीत ती नवऱ्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेली. दोन हंगाम तिने ऊस तोडला. गेल्या १४ एप्रिलला ती माहेरी आली होती. विहाराच्या पायरीवर सासूबरोबर बसली होती, मांडीवर वर्षाचे लेकरू. आम्ही नजर चुकवून पुढे जाणार होतो, पण तिनेच हाक मारली.

"सर, सतरा नंबरचा फॉर्म कधी सुटतो?"

बाहेरून दहावीला बसण्याचा तो फॉर्म. आम्ही म्हटले, चौकशी करून कळवतो. तिची सासू म्हणाली, "भरू द्या तिला, सर. मी लेकराला बघन. दोन महिने तोडीला नाही गेली तर मुकादमाचं मी बघते." ही बाई स्वतः तेराव्या वर्षी नांदायला आली होती, हे तिनेच पुढे सांगितले.

नववीची गुणपत्रिका सापडली आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढायचा आहे, त्यासाठी सोमवारी आम्ही तिच्या जुन्या शाळेत जाणार आहोत. शाळेच्या रजिस्टरात तिची खरी जन्मतारीख आहे.